दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?



समजा, जानेवारी महिना आहे. संक्रांतीच्या सुट्टीत तुम्ही देवपूरला मामांकडे आला आहात. देवपूर म्हणजे धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तरेकडचा भाग. मामांचे शेत तेथून थोडे बाहेर आहे. आज तेथे कांद्याची लागण. रोपे काल सायंकाळीच उपटून ओल्या गोणपाटाखाली ठेवली आहेत. आठ वाजता लागणीला बाया येतील. त्याआधी राहिलेल्या अर्ध्या एकरात रोटाव्हेटर फिरवायचा आहे. मामांचा ट्रॅक्टर लहान, अठरा-वीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आणि बराच जुना.

मामा चावी फिरवतात. 'घुर्र... घुर्र...' असा जड आवाज येतो. इंजिन दोन-तीन वेळा कण्हल्यासारखे करते, पण चालू होत नाही.

शेजारचे आप्पा लगेच निदान करतात, "बॅटरी बसनी व्हई!"

मामा हेडलाइट लावून पाहतात. दिवा लख्ख लागतो. तेव्हा दुसरे कोणीतरी म्हणते, "दिवा एवढा लागतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फच गेला. काढून बाजारात न्या."

एकाचे ऐकले तर नवी बॅटरी घ्यावी लागेल, दुसऱ्याचे ऐकले तर स्टार्टर उतरवावा लागेल. दोन्हींत पैसा जाणार आणि दिवसही जाणार. उपटलेली रोपे काही थांबून राहत नाहीत. पण बरे का, दोघांच्याही बोलण्यात एक उणीव आहे. कोणीच काही मोजलेले नाही. दहावीपर्यंतचे विज्ञान आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्या साधनांवर आपण हे कोडे सोडवू शकतो का, ते पाहू.

सेल्फला इतका जोर का लागतो?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते व इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले, तेव्हापासून त्याचे तत्त्व एकच आहे. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि मग तीत डिझेलचा फवारा सोडायचा.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. लहान डिझेल इंजिनात हवा सुमारे एकविसांश जागेत दाबली जाते. जरासुद्धा उष्णता बाहेर गेली नाही, तर ८ अंश सेल्सिअसची हवा अशा दाबाने साडेसहाशे अंशांच्याही वर तापेल. प्रत्यक्षात मात्र सिलिंडरच्या गार भिंती उष्णता शोषतात आणि पिस्टनच्या कडेने थोडी हवा निसटते. पिस्टन जितका हळू सरकेल, तितका या दोन्ही चोऱ्यांना अधिक वेळ मिळतो. म्हणून डिझेल इंजिन नुसते फिरवून भागत नाही, ते वेगाने फिरवावे लागते. मिनिटाला साधारण दीडशे ते अडीचशे फेरे तरी मिळाले पाहिजेत.

विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन आजोबा हॅन्डलने कसे चालू करीत, ते घरी विचारा. आधी एक खटका दाबून झडप उघडी ठेवायची, म्हणजे हवा दाबली जात नाही. चाक पुरेसे वेगात आले, की खटका सोडायचा. जड चाकात साठलेली गती मग पिस्टनला दाबातून पार नेई. आपल्या ट्रॅक्टरवर हे काम विजेची मोटर करते. अशी मोटर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली मोटारगाडीसाठी तयार केली. आपल्याकडे तिला सरसकट 'सेल्फ' म्हणतात.

लहान ट्रॅक्टरच्या सेल्फला सुमारे एक किलोवॅट शक्ती लागते. बॅटरी असते १२ व्होल्टची. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले प्रवाह. म्हणजे सेल्फमधून शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, आणि थंड इंजिन पहिला झटका घेते तेव्हा तो याहूनही बराच जास्त असतो. हेडलाइटचा ३६ वॅटचा दिवा मात्र फक्त ३ अँपिअर घेतो. हा फरक लक्षात ठेवा. आपल्या कोड्याची किल्ली येथेच आहे.

ओहमचा नियम शेतावर

बॅटरीपासून सेल्फपर्यंत प्रवाहाला अनेक सांधे ओलांडावे लागतात. बॅटरीचा शिशाचा खुंटा आणि त्यावरची पकड हा पहिला सांधा. मग जाड केबल, सॉलेनॉइडचे संपर्क, सेल्फचे टर्मिनल. परतीची वाट तर आपण विसरूनच जातो. सेल्फच्या अंगातून इंजिनच्या लोखंडात, तेथून अर्थच्या पट्टीने बॅटरीच्या ऋण टोकाकडे, असा तो मार्ग आहे. मंडल पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणून परतीची वाटही जाण्याच्या वाटेइतकीच चांगली हवी.

आता समजा, यांपैकी एका सांध्यावर गंज चढला आणि तेथे ०.०२८ ओहम रोध निर्माण झाला. किती क्षुल्लक! साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर तो दिसणारही नाही. पण जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेला नियम लावून पाहा. विभवांतर = प्रवाह × रोध.

दिव्यासाठी: ३ × ०.०२८ = ०.०८४ व्होल्ट.
सेल्फसाठी: १२० × ०.०२८ = सुमारे ३.४ व्होल्ट.

दिव्याच्या वाटचे एक दशांश व्होल्टसुद्धा कमी झाले नाही, म्हणून तो लख्ख लागला. सेल्फच्या वाटचे मात्र साडेतीन व्होल्टच्या आसपास वाटेतच खाल्ले गेले. अरुंद पाइपातून लोटाभर पाणी मिळते, पण त्याच पाइपावर मळा भिजत नाही, तसेच हे. दिवा लागतो यावरून एवढेच सिद्ध होते की दिव्यापुरती वीज पोहोचते.

उलट बाजूही पाहा. सेल्फ मारताना दिवा मंदावला, म्हणजे बॅटरीच गेली असे लोक म्हणतात. पण अर्थची पट्टी खराब असली तरी दिवा मंदावेल. कारण दिव्याचा परतीचा प्रवाह त्याच पट्टीतून जातो आणि तेथले साडेतीन व्होल्ट त्याच्याही वाट्यातून वजा होतात. म्हणून दिवा ही खूण आहे, पुरावा नव्हे.

हात लावण्यापूर्वी

विजेचा धक्का बसेल ही भीती येथे नको, १२ व्होल्टने तसा धक्का बसत नाही. धोके वेगळे आहेत, आणि ते खरे आहेत.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने तो पेटतो आणि बॅटरी फुटून गंधकाम्ल उडते. म्हणून जवळ विडी, काडी, कंदील काही नको. डोळ्यांवर चष्मा हवा आणि जवळ भरपूर पाणी हवे. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. धातूची वस्तू दोन टोकांमध्ये आली तर ती क्षणात लाल होते. केबल सोडताना आधी ऋण बाजूची सोडा, जोडताना ती शेवटी जोडा.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद, चाकांना उटी लावलेली. चावी फिरवणारे मोठे माणूस बैठकीवरच बसलेले हवे. मोजणारा पंख्यापासून आणि चाकांपासून दूर राहील. मोजमाप चालू असताना इंजिन सुरू होऊ नये, म्हणून बंद करण्याची दांडी ओढून धरा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नका, आणि मग मिनिटभर विसावा द्या. नाहीतर तो तापून जळेल.

प्रथम ऐका

डॉक्टर छातीला नळी लावतात तसे आपण आधी कान लावू. चावी फिरवल्यावर चारपैकी एक प्रकार होतो.

१. काहीच आवाज नाही. प्रवाह सॉलेनॉइडपर्यंतच पोहोचत नाही. फ्यूज, चावीचा स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच पाहावा.

२. 'टक्-टक्-टक्-टक्' असा भराभर आवाज. सॉलेनॉइड म्हणजे विद्युतचुंबक. तो संपर्क जोडतो, तोच सेल्फ मोठा प्रवाह ओढतो. त्यामुळे व्होल्ट कोसळतात आणि चुंबक दुबळा होऊन सुटतो. सुटला की व्होल्ट पुन्हा वर येतात आणि चुंबक पुन्हा ओढला जातो. बहुधा बॅटरी उतरलेली असते, किंवा एखादा सांधा फारच खराब असतो.

३. एकच 'टक्' आणि शांतता. सॉलेनॉइड ओढला गेला, पण सेल्फ फिरला नाही. त्याचे संपर्क जळाले असतील, सेल्फचे कार्बन झिजले असतील किंवा इंजिनच अडकले असेल.

४. इंजिन फिरते, पण मंद. बॅटरी अशक्त आहे, सांध्यात रोध आहे किंवा सेल्फ आतून बिघडला आहे.

मामांचा ट्रॅक्टर चौथ्या प्रकारात बसतो. आता मोजू.

मग मोजा

मल्टिमीटर एकदिश व्होल्टच्या २० व्होल्ट पट्ट्यावर ठेवा. एक सूचना मात्र कधीही विसरू नका. सेल्फचा प्रवाह मल्टिमीटरमधून नेऊन अँपिअर मोजण्याचा प्रयत्न करायचा नाही. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते. आपण फक्त व्होल्ट मोजणार आहोत.

पहिले मापन, बॅटरी स्वस्थ असताना. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा घट असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी भरलेली, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मामांची बॅटरी दाखवते १२.५ व्होल्ट. ठीक आहे.

दुसरे मापन, सेल्फ मारताना. मीटरची टोके पकडीवर नव्हे, थेट शिशाच्या खुंट्यांवर टेकवा. येथे व्होल्ट ९.६ च्या खाली घसरले, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी लागते. आपल्याला मिळाले ११.६. म्हणजे आप्पांचे निदान चुकले. बॅटरी भार सोसते आहे.

तिसरे मापन, सेल्फ मारताना सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत. मिळाले फक्त ७.९! बॅटरी ११.६ देते आणि सेल्फला ७.९ मिळतात. मधले ३.७ व्होल्ट कोठे गेले? आता ही चोरी शोधायची.

चौथे मापन, धन बाजू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंट्यावर, दुसरे सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर, आणि सेल्फ मारा. मिळाले ०.३ व्होल्ट. या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते.

पाचवे मापन, ऋण बाजू. एक टोक ऋण खुंट्यावर, दुसरे सेल्फच्या अंगावर, खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. मिळाले ३.४ व्होल्ट. येथे तर पाव व्होल्टच्या आतच असायला हवे होते.

०.३ + ३.४ = ३.७. हिशेब तंतोतंत जुळला! चोर परतीच्या वाटेवर आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ऋण बाजूचे हेच मापन सेल्फ न मारता घेतले असते, तर शून्य आले असते. प्रवाह शून्य, म्हणून प्रवाह × रोध हाही शून्य. खराब सांधा काम करतानाच पकडावा लागतो.

चोर सापडला

आता मीटरचे एक टोक ऋण खुंट्यावरच ठेवून दुसरे टोक पायरीपायरीने पुढे न्या. पकडीवर, मग पट्टीच्या दुसऱ्या टोकावर, मग ट्रॅक्टरच्या लोखंडावर. पकडीवर जवळजवळ शून्य. पट्टीच्या टोकावर ०.१. तेथून बोटभर अंतरावर, लोखंडावर, एकदम ३.४. म्हणजे पट्टी जेथे बोल्टने आवळली आहे, तोच हा सांधा.

हाताची मागची बाजू तेथे अलगद नेऊन पाहा. सांधा गरम लागतो! साहजिकच आहे. ३.४ व्होल्ट × १२० अँपिअर = सुमारे ४०० वॅट. सेल्फ मारताना एखाद्या लहान शेगडीइतकी उष्णता त्या एका बोल्टखाली वाया जात होती.

ऋण केबल सोडून बोल्ट काढला, तर पट्टीखाली जुना रंग, तांबूस गंज आणि मातीचा थर. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावले म्हणजे हवा व ओल आत जाणार नाही. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवट क्षार असेल, तर तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, पण ते पाणी घटांत जाऊ देऊ नये.

पुन्हा मापन: बॅटरीवर ११.५, ऋण बाजूस ०.१, धन बाजूस ०.३, सेल्फवर ११.१ व्होल्ट. मामा बंद करण्याची दांडी आत ढकलतात, हीटर तापवतात आणि चावी फिरवतात. घर्र-घर्र-घर्र... आणि ट्रॅक्टर बोलू लागतो. साडेसात वाजले आहेत. खर्च किती? पॉलिश पेपरचा एक तुकडा.

सेल्फ चांगला फिरतो, तरीही इंजिन चालू होत नाही?

असेही पुष्कळदा होते, आणि विशेषतः थंडीत. धुळ्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हा दोष लपून राहतो. जानेवारीच्या पहाटे तो उघडा पडतो. अशा वेळी धुराड्याकडे पाहा.

पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल आत पोहोचते आहे, पण पेटत नाही. ही वाफ झालेल्या, न जळलेल्या इंधनाची खूण. अशा इंजिनांत दहनकक्ष तापवण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी 'हीटर'वर पंधरा-वीस सेकंद धरायची ती त्यासाठीच. एखाद्या प्लगची आतली तार तुटली, तर तो सिलिंडर गारच राहतो. तपासणे सोपे आहे. प्लगांना जोडणारी पट्टी काढा, म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होईल. मग १२ व्होल्टच्या लहान दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे प्लगच्या माथ्याला लावा. दिवा लागला तर तार सलग आहे, लागला नाही तर प्लग गेला.

धूर मुळीच नसेल, तर डिझेलच आत जात नाही. टाकी, गाळणी, नळीत शिरलेली हवा, अर्धवट ओढलेली बंद करण्याची दांडी, किंवा जेथे असेल तेथे डिझेल तोडणारा विद्युत-खटका, हे पाहावे.

एक धोक्याची सूचना. हीटर प्लग असलेल्या इंजिनाच्या हवानळीत पेट्रोल किंवा ईथर कधीही सोडू नये. तापलेल्या प्लगवर ते अवेळी पेटते आणि इंजिन फुटू शकते.

शिवाय, ट्रॅक्टर चालू झाल्यावर बॅटरीवर एकदा मीटर लावा. इंजिन मध्यम वेगात असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसले, तर चार्जिंग नीट आहे. १२.५ च्याच जवळ राहिले, तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाही. मग आज चालू झालेला ट्रॅक्टर परवा पुन्हा रुसेल.

हा उपाय कधीही करू नका

सेल्फ फिरत नाही म्हटले की कोणीतरी पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली वाकते आणि सॉलेनॉइडची दोन टर्मिनले जोडते. सेल्फ फिरतो खरा. पण क्लचचा व न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच ज्या वाटेवर आहे, ती वाटच आपण टाळलेली असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन चालू होताच तो पुढे झेपावतो, आणि माणूस उभा असतो नेमका मागच्या चाकापुढे. अशा रीतीने जगभर अनेक शेतकरी दगावले आहेत. सुरक्षा-स्विच बिघडला, तर तो बदलावा. तार जोडून त्याला कायमचा बाद करू नये. घरात कोणी हे करताना दिसले, तर लहान असलात तरी आदराने, पण ठामपणे अडवा. विज्ञान शिकल्याचा तोही एक उपयोग आहे.

वर्गात करून पाहा

दोन टॉर्चचे सेल, खेळण्यातील एक लहान मोटर, एक लाल एलईडी आणि १०० ओहमचा एक रोधक घ्या. एलईडी रोधकासह सेलांना जोडा, तो लागेल. मोटर जोडा, ती फिरेल. आता मंडलात पेन्सिलीची शिशाची कांडी 'खराब सांधा' म्हणून घाला. एलईडी जवळजवळ तसाच लागेल, मोटर मात्र मंदावेल किंवा थांबेल. कांडीच्या दोन टोकांमधील व्होल्ट दोन्ही वेळी मोजा आणि तक्ता करा.

आणि हे सोडवा:

१. मामांच्या ट्रॅक्टरला तीन हीटर प्लग आहेत, प्रत्येक १० अँपिअर घेतो. ०.०२८ ओहमच्या त्या सांध्यात प्लग तापवताना किती व्होल्ट वाया जात होते?

२. मामा म्हणाले, "पट्टी गंजली होती तर उन्हाळ्यात ट्रॅक्टर कसा चालू होत होता?" त्यांना काय उत्तर द्याल? हवेचे सुरुवातीचे तापमान, इंजिनातील तेलाचा घट्टपणा आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया, तिन्हींचा विचार करा.

३. तुमच्या घरी किंवा शेजारी जुना ट्रॅक्टर, जीप किंवा मोटारसायकल असेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन बॅटरीचे स्वस्थ असतानाचे व्होल्ट मोजा. आज ट्रॅक्टर ठीक असताना घेतलेली मापने वहीत लिहून ठेवा. तो बिघडेल त्या दिवशी ती वही फार उपयोगी पडेल.